दुपारची मारामारी

नानाखेडा, उज्जैन
दि. ९ जुलै २०२५

ती. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. श्रवणयंत्र पुन्हा डब्यात टाकलंस हे वाचून नवल वाटलं नाही. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे घरच्या बातम्या आख्ख्या कॉलनीला सांगायच्या, त्यापेक्षा आपलं पत्रच बरं. इकडे सिंहस्थाच्या नावाने सगळं शहर खोदून ठेवलंय. साधी भाजी आणायची तरी मोठा चक्कर मारून जावं लागतं. प्रतिभा ठीक आहे, गुडघे सोडून.

रिटायर झाल्यावर दिवसभर करतोस काय, असं विचारलंस. सकाळ पेपरात जाते. दुपारी जेवण झालं की प्रतिभा आडवी होते आणि मी टीव्ही लावतो. त्या वेळेला मारामारीचे सिनेमे लागतात, बहुतेक दक्षिणेकडचे, हिंदी बोलायला लावलेले. त्यातला हीरो कोण, कोणाचा मुलगा, मला काही ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही. समोर चाललंय म्हणून पाहतो. पण ताई, हे काय चाललंय काय! एक माणूस कोयता घेऊन बाजारात उभा. त्याला मारायला पन्नास जण येतात, पण एकदम कोणी येत नाही. एक जाऊन मार खातो, आणि बाकीचे कंट्रोलच्या दुकानासमोर उभं राहावं तसे आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अरे, दोघांनी मागून धरा ना त्याला! माझंच डोकं फिरतं.

गाड्यांचं तर विचारूच नकोस. माझा जन्म विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेला. गाडी उलटली आणि भडका उडाला, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. ती उलटते, आणि मग बराच वेळ एक चाक नुसतं फिरत राहतं. सिनेमावाल्यांना ते चाक दाखवायचं सुचत नाही. शिवाय इतकी माणसं मरतात, पण सुतक कोणाच्याच घरी नाही. पडलेल्याला कोणी पाणी विचारत नाही. हीरो त्याच्यावरून पाय टाकून जातो आणि लगेच गाणं.

दुसरा प्रकार खुनाच्या तपासाचा. त्यात इतका अंधार असतो की प्रतिभा झोपेतून विचारते, बत्ती गेली का. जो सगळ्यांना हसून चहा देतो तो खुनी, हे मला आता पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

सौमित्रचं विचारलंस. मला काही माहिती नाही. बँकेतली चांगली नोकरी सोडून मुंबईला उड्या मारायला गेलेल्या मुलाची माहिती त्याच्या आईकडे असते. तिला लिही.

तुझा लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बापू


बडोदा
दि. २० जुलै २०२५

चि. बापूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. समोर चाललंय म्हणून पाहणारा माणूस इतकं बारीक पाहत नाही रे. पण ते राहू दे.

मीही ते सिनेमे पाहते, फक्त आवाजाशिवाय. तू एकदा आवाज बंद करून बघ, सगळं पितळ उघडं पडतं. ठोसा हनुवटीपासून वीतभर लांब थांबतो आणि समोरच्याची मान त्याआधीच फिरलेली असते. हीरो काही करत नाही. तो केसांतून हात फिरवतो. काम करतात ते मरणारे! उडायचं त्यांनी, काचेतून जायचं त्यांनी, टेबल मोडायचं त्यांनी. आपल्याकडे लग्नात नवरा नुसता उभा असतो आणि धावपळ मुलीकडचे करतात, तसंच अगदी. मला आता हीरोकडे पाहवतच नाही. मी मरणाऱ्यांकडे पाहते.

आणि म्हणून सांगते, परवाच्या सिनेमात लाल शर्टातला एक मुलगा मासळीबाजारात मेला. अर्ध्या तासाने शर्ट बदलून आला आणि बंदरावर पुन्हा मेला. शेवटी आगीत तिसऱ्यांदा. दर वेळी पाठच आपल्याकडे. आणि दर वेळी पडताना डावा हात आधी टेकवतो. बापू, मला ती पाठ ओळखीची वाटली. तुलाही वाटली असणार.

तुमच्या जुन्या क्वार्टरची तीन पायऱ्यांची ओटी आठवते? सौमित्र रोज तिथून पडायचा, तोही असाच, डाव्या हातावर. एकदा मनगट मोडलं तेच. त्याने रडायला तोंड उघडायच्या आत तू धावत जायचास आणि फरशीवर हात आपटून ओरडायचास, मुंगी मेली, मुंगी मेली, बघ केवढी मोठी! मग तो रडणं विसरून मुंगी शोधत बसायचा. त्या गल्लीतल्या सगळ्या मुंग्या तुमच्या घरापायी गेल्या.

तू त्याला तोंड दाखवू नकोस म्हणालास, त्याला तीन दिवाळ्या झाल्या. पोरगा तुझ्यासारखाच हट्टी. सिनेमातसुद्धा दाखवत नाही.

प्रतिभाला गुडघ्यावर शेक घ्यायला सांग. रागावू नकोस. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
ताई


नानाखेडा, उज्जैन
दि. २८ जुलै २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चष्म्याचा नंबर तपासून घे. पाठ सगळ्यांना असते आणि डावा हातही.

तू विषय काढलास म्हणून लिहितो, पुन्हा लिहिणार नाही. देवास रोडवर एका रात्री ट्रकखाली मोटारसायकल गेली होती. सकाळी मी गाडी पाहायला गेलो तेव्हा पोरगा तिथेच ताडपत्रीखाली होता. चप्पल लांब पडली होती, एकच. मी माझं काम केलं. हँडल वाकलं, टाकी चेपली, सगळं लिहून घेतलं. त्या पोराने उठून शर्ट बदलला नाही. सिनेमातले उठतात, हे मला समजतं, मी काही खुळा नाही. पण जिने खरे असतात, काचा खऱ्या असतात, आणि एखाद्या दिवशी एखादा उठत नाही. हेच त्याला सांगत होतो. तो हसला. मग माझ्या तोंडून जे निघालं ते निघालं, आणि ते मी परत घेणार नाही.

बाकी काल एक सिनेमा पाहिला. त्यात हीरोला छातीत तीन गोळ्या लागतात, तरी आईच्या हातचं जेवायला घरी जातो. त्यातल्या त्यात तेवढंच पटलं.

लोभ असू दे.

बापू


नानाखेडा, उज्जैन
दि. ६ ऑगस्ट २०२५

ती. वन्संस,
प्रतिभाचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. पोस्टात शेजारची मधुरा टाकेल.

तुम्ही यांना जे लिहिलंत ते खरं आहे. यांना वाटतं मी दुपारी झोपते. मी नुसती डोळे मिटून पडते. हे जेवणाच्या खोलीतला बुटका वेताचा मोडा उचलतात आणि टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतात, नाक लावून. गाणी लागली की पेपर वाचतात. मारामारी सुरू झाली की पेपर खाली. आणि मारामारी संपली की टीव्ही बंद! वन्सं, एकाही सिनेमाचा शेवट यांना ठाऊक नाही. एखादा पडला की यांचा हात मांडीवर आपटतो. कधी कधी मग मोडा मागे सरकवून पाणी पितात. त्या दिवशी मला समजतं की दिसला.

आता मुद्द्याचं. सौमित्र उज्जैनला येतो आहे, शूटिंगसाठी. देवास गेटकडच्या त्या बंद पडलेल्या टॉकीजमध्ये वीस तारखेला, बुधवारी त्यांची मारामारी आहे. बाल्कनीच्या जिन्यावरून त्याला खालपर्यंत घरंगळत यायचं आहे. सांगताना असा सांगतो जसं कोपऱ्यावरून दूध आणायचं आहे. माधव नगरात कुठल्याशा हॉटेलात सगळी मंडळी उतरणार. मी म्हटलं, घर असताना हॉटेल कशाला? तर म्हणाला, बाबांचं म्हणणं अजून तेच आहे का ते विचार. म्हणजे घरापासून दोन किलोमीटरवर पोरगा राहणार आणि मी डब्यात लाडू घेऊन त्याला हॉटेलच्या दारात भेटणार. माझ्या जिवाला हे सहन होत नाही.

मी काल वाढताना मुद्दाम मोठ्याने सगळं सांगितलं. टॉकीज, बुधवार, जिना, सगळं. यांनी लोणचं मागितलं.

वन्सं, तुम्हीच काही करा. जगात फक्त तुमच्यापुढे हे लहान होतात.

तब्येत सांभाळा. आमच्यावर तुमची माया आहे म्हणून हे हक्काने लिहिलं.

आपली,
प्रतिभा


बडोदा
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. बापूस,
आशीर्वाद.

घाईत कार्ड लिहिते. मला उज्जैनची लवंगेची शेव खावीशी वाटते आहे. इथली खाऊन तोंड विटलं. देवास गेटजवळ जुन्या टॉकीजच्या समोर तो शेववाला आहे ना, त्याचीच हवी. दुसऱ्याची आणलीस तर मला कळेल. तो बुधवारी ताजी काढतो, म्हणून वीस तारखेला, दहाच्या सुमारास जा. आणि एक लक्षात ठेव, गरम शेव बांधून घ्यायची नाही, वाफ धरते आणि मऊ पडते. पूर्ण गार होईपर्यंत तिथेच उभा राहा. कितीही वेळ लागू दे.

म्हातारीची एवढी इच्छा पुरी कर. जास्त काही मागत नाही.

ताई


नानाखेडा, उज्जैन
दि. २१ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेव कुरिअरने पाठवली आहे. तुझा शेववाला कधीच दुकान बंद करून गेला, आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. म्हणून बाजूच्या गल्लीतून घेतली. तरीही तू सांगितलं होतंस म्हणून गार होईपर्यंत थांबलो.

योगायोगाने समोरच्या टॉकीजमध्ये सिनेमाचं शूटिंग होतं. दोरी बांधली होती आणि निम्मं देवास गेट तिथे गोळा झालेलं. दरवाजे सताड उघडे, त्यामुळे बाहेरून जिना दिसत होता. तोच जिना. आबा आपल्याला बाल्कनीचं तिकीट काढून द्यायचे आणि तू वर पळायचीस, मी मागे. आता कठडा एका बाजूने गेलाय.

माझं मत विचारशील तर हा सगळा वेळेचा खेळखंडोबा आहे. एक दिवा चार जण हलवतात आणि पाचवा पुन्हा होता तिथे आणून ठेवतो. रक्त स्टीलच्या तांब्यात कालवलेलं होतं, एक बाई ते चमच्याने लावत होती, मेंदी लावावी तसं. हीरो छत्रीखाली बसून नारळपाणी पीत होता. मारणारा म्हणजे त्याच्यासारखा शर्ट घातलेला दुसराच कोणी. मारणारा खोटा, मार खोटा, मरणही खोटं. फक्त जिना खरा.

वरून सहा जण येणार होते. सगळ्यांच्या तोंडाला काळी फडकी, नुसते डोळे उघडे. एकेक जण पडत होता. पहिल्या वेळेला काही गोंधळ झाला, सगळं पुन्हा करावं लागलं. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं म्हणतात. लोकांना अक्कल नसते. दुसऱ्या वेळेला नीट झालं.

येताना आंबेहळद घेतली. घरात लागते. प्रतिभाचे गुडघे आज बरे दिसतात, सकाळपासून पळते आहे.

टीव्ही दोन दिवस लावला नाही. टीव्हीपुढचा मोडा जागेवर ठेवला आहे.

शेव कशी वाटली ते कळव, आणि पुढच्या वेळी एवढं लांबून काही मागवू नकोस.

बापू


नानाखेडा, उज्जैन
दि. २४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सौमित्रचा सा. नमस्कार.

वर पत्ता बघितलास ना? घरूनच लिहितो आहे. शूटिंग संपलं, बाकीचे गेले, मी चार दिवस थांबलो आहे. खांदा काळानिळा झालाय, पण मोडलेलं काही नाही. बाबांनी तुला काय लिहिलं असेल याची कल्पना आहे, म्हणून खरं काय झालं ते मी सांगतो.

आम्ही सहा जण होतो. एकसारखे काळे कपडे, तोंडावर फडकी. आरशात पाहिलं तर मला माझाच भरवसा वाटेना. माझा नंबर चौथा. पाठीवर लाथ बसली की जिन्यावरून लोळत यायचं आणि शेवटच्या पायरीवर मरून पडायचं. कॅमेरा तिथेच, अगदी तोंडाजवळ. मी आलो. बरा आलो. पडलो, डोळे मिटले, श्वास धरला. सगळीकडे शांत. अशा वेळी आमचा फाइट मास्टर कट म्हणेपर्यंत कोणी हूं की चूं करत नाही. आणि त्या शांततेत दोरीच्या पलीकडून हाक आली, मुंगी मेली म्हणून! मोठ्याने, दोनदा, आणि जमिनीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. नंतर कळलं, हातातली शेवेची पिशवी होती.

आत्या, मी मेलेलो होतो गं. पण मला हसू फुटलं. फडक्याच्या आत दाबत होतो, तर पोट हलायला लागलं. मास्टर भडकला. ऐंशी माणसं उभी, दिवे जळताहेत आणि मुडदा हसतोय. तो दोरीकडे धावला, हे बुजुर्ग कोण, यांना आत कोणी सोडलं, म्हणून ओरडायला लागला. मी पडल्या पडल्याच सांगितलं की माझे बाबा आहेत. मास्टरने बाबांना कॅमेऱ्याच्या मागे खुर्ची दिली आणि हात जोडून सांगितलं की आता मुंगी मेली तरी मनातल्या मनात.

बाबा बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा लाथ, पुन्हा लोळत खाली. या वेळी हसू आलं नाही. डावा हात पायरीच्या कडेवर आपटला, खांद्यातून कळ गेली, पण शॉट ओके झाला. टाळ्या वाजल्या. आमच्यात नियम असा की टाळ्या वाजल्या की लगेच उठायचं, हात झटकायचे आणि काही झालं नाही असं दाखवायचं. लागलं म्हटलं की पुढच्या कामाला दुसऱ्याला बोलावतात. म्हणून मी उठत होतो, तेवढ्यात बाबा पुढ्यात आले आणि खाली बसले, त्या रक्तात, इस्त्रीच्या पँटीसकट.

सहा जणांत मला कसं ओळखलं, ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या तोंडावरचं फडकं धरलं आणि स्वतःच्या हाताने खाली ओढलं. बराच वेळ नुसतं बघत होते. मग त्यांनी विचारलं, लागलं का?

गेली तीन वर्षं मी सगळ्यांना नाहीच सांगत आलोय. मास्टरला नाही, आईला नाही, डॉक्टरला पण नाही. त्यांना म्हटलं, हो बाबा, लागलं.

आता ते आंबेहळद उगाळताहेत आणि आई ओरडते आहे की सहाण धुऊन ठेवा. पत्र इथेच थांबवतो. तुझा आशीर्वाद आहे म्हणून सगळं धड आहे, तो असाच राहू दे.

तुझा,
सौमित्र

ता. क. पत्र वाचून पाहिलं. शेव सांडली होती ती नाही पाठवली, दुसरी घेतली, तेव्हा निर्धास्त खा. पडताना डावा हात आधी टेकवायचा नाही, हे त्याच्या मास्टरलाही सांगून आलो आहे. ते मनगट एकदा मोडलेलं आहे. — बापू